भूसंपादनाचा कायदा : समज आणि गैरसमज



गेल्या लागवडीच्या वेळची गोष्ट. रामटेक गटातील एक जुने सभासद शेतकी कार्यालयात आले. दरवर्षी न चुकता तीन एकर उसाची नोंद देणारा हा माणूस या वेळी नोंदवहीसमोर बसला आणि म्हणाला, "औंदा नोंद नको, साहेब. मोजणीवाले वावरात खुट्या गाडून गेले. वावर तं गेलंच समजा. आता ऊस लावू कोणासाठी?"

त्यांना विचारले, नोटीस आली का? नाही. ग्रामपंचायतीत कागद लागला का? नाही. वर्तमानपत्रात जाहिरात वाचली का? तीही नाही. मग जमीन गेली हे सांगितले कोणी? म्हणाले, "सारेच म्हणतात."

ऊस हे बारा ते अठरा महिन्यांचे पीक. त्यावर खोडवा धरला तर दोन-तीन वर्षांचा हिशेब. 'सारेच म्हणतात' एवढ्यावर या सभासदाने तो सोडला. दुसरीकडे असेही सभासद भेटतात की ज्यांना रीतसर नोटीस आलेली असते, पण "आपण सही केली नाही तं सरकार काय करते?" म्हणून ते कागद फळीवर ठेवून देतात आणि मुदत निघून जाते. एक जण नको तेवढा घाबरलेला, दुसरा नको तेवढा निर्धास्त. नुकसान दोघांचेही होते. म्हणून या अंकात भूसंपादनाच्या कायद्याविषयी थोडे सविस्तर लिहीत आहोत.

आपल्या भागाला भूसंपादन नवीन नाही. पेंचच्या ज्या पाण्यावर आपल्यापैकी अनेकांचा ऊस उभा आहे, तो कालवाही कोणाच्या तरी वावरातूनच खोदला गेला. मनसर-देवलापारवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ रुंद झाला, तेव्हा रस्त्याकाठच्या जमिनी गेल्या. कुही-भिवापूरकडची गावे गोसीखुर्दमुळे उठली. नागपूरजवळ मिहान झाले, समृद्धी महामार्ग झाला. तेव्हा हा विषय 'दुसऱ्याचा' म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

कायदा कोणता?

१८९४ चा इंग्रजी अमदानीतला भूसंपादन कायदा स्वातंत्र्यानंतरही जवळजवळ सहासष्ट वर्षे चालला. १ जानेवारी २०१४ पासून तो गेला आणि २०१३ चा नवा कायदा आला. त्याचे नाव लांबलचक आहे. त्यातील 'वाजवी भरपाई', 'पारदर्शकता' आणि 'पुनर्वसन' हे तीन शब्द लक्षात ठेवावेत. याशिवाय राष्ट्रीय महामार्गासाठी १९५६ चा केंद्राचा कायदा, राज्यातील महामार्गांसाठी १९५५ चा आणि औद्योगिक वसाहतींसाठी १९६१ चा राज्याचा कायदा वेगळा आहे. म्हणून नोटीस हाती आली की पहिल्यांदा ती कोणत्या कायद्याखाली आहे ते पाहावे. मुदती त्यावर अवलंबून असतात.

गैरसमज पहिला : खुट्या गाडल्या म्हणजे जमीन गेली

खुट्या किंवा दगड गाडणे ही पाहणी आहे. पाहणीने मालकी बदलत नाही. २०१३ च्या कायद्यात आधी प्राथमिक अधिसूचना निघते (कलम ११). ती राजपत्रात, दोन दैनिकांत, ग्रामपंचायतीत आणि तहसील व जिल्हाधिकारी कार्यालयात प्रसिद्ध व्हावी लागते. मग हरकती, त्यांची सुनावणी, त्यानंतर अंतिम घोषणा (कलम १९), मग हक्कदारांना नोटिसा, मग निवाडा आणि त्यानंतर ताबा, अशी ही शिडी आहे. अधिसूचनेपासून बारा महिन्यांत घोषणा झाली नाही तर अधिसूचना रद्द समजली जाते. घोषणेपासून बारा महिन्यांत निवाडा झाला नाही तर कार्यवाही व्यपगत होते. सरकारला या मुदती वाढवता येतात, पण त्याची कारणे नोंदवावी लागतात.

अधिसूचनेनंतरच्या पाहणीसाठीही नियम आहे. मालकाच्या किंवा त्याने लेखी नेमलेल्या माणसाच्या गैरहजेरीत ती करायची नाही. करायचीच असेल तर किमान ६० दिवस आधी नोटीस द्यावी लागते. पाहणीत पिकाचे नुकसान झाले तर त्याची भरपाई द्यावी लागते.

भरपाईची रक्कम दिल्याशिवाय ताबा घेता येत नाही. संरक्षण, नैसर्गिक आपत्ती अशा तातडीच्या प्रसंगी अपवाद आहे, पण तेव्हाही ८० टक्के रक्कम आधी द्यावी लागते. तोपर्यंत वावर आपले आणि पीकही आपले. उभ्या पिकाची किंमत भरपाईत धरली जाते. म्हणून अफवेवरून जमीन पडीक ठेवू नये. अशा अफवांच्या दिवसांत दलाल गावोगाव फिरतात आणि 'नाही तरी जाणारच आहे' म्हणून स्वस्तात सौदे करून घेतात, हेही ध्यानात ठेवावे.

पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या बाजूच्या गावांत 'बफरमध्ये आले म्हणजे संपादन झाले' अशीही समजूत आहे. ती बरोबर नाही. बफर घोषित झाल्याने खाजगी सातबारावरचे नाव बदलत नाही.

गैरसमज दुसरा : माझ्या सहीशिवाय सरकार जमीन घेऊच शकत नाही

हा वरच्याच्या अगदी उलट. खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची असेल तर बाधित कुटुंबांपैकी किमान ८० टक्क्यांची आणि सरकार-खाजगी भागीदारीच्या प्रकल्पासाठी ७० टक्क्यांची संमती लागते. ही अट सहजासहजी आलेली नाही. शंभर वर्षांपूर्वी, १९२१ साली, टाटांच्या वीज प्रकल्पाच्या धरणासाठी मुळशी खोऱ्यातील मावळ्यांच्या जमिनी घेतल्या जात होत्या, तेव्हा सेनापती बापटांनी सत्याग्रह चालवला. धरण झाले, गावे बुडाली. त्या वेळच्या कायद्यात मावळ्याला 'संमती आहे का' असे विचारण्याची सोयच नव्हती.

परंतु सरकार स्वतःच्या कामासाठी, म्हणजे कालवा, रस्ता, रेल्वे यांसाठी जमीन घेते तेव्हा ही संमती लागत नाही. नोटीस न स्वीकारणे किंवा मोबदला न उचलणे याने कार्यवाही थांबत नाही. रक्कम प्राधिकरणाकडे जमा होते आणि काम पुढे जाते. विरोध करायचा असेल तर तो लेखी आणि मुदतीत करावा. २०१३ च्या कायद्याखाली अधिसूचनेपासून ६० दिवसांत हरकत देता येते. राष्ट्रीय महामार्गाच्या कायद्याखाली ही मुदत फक्त २१ दिवस आहे. हरकतीत 'जमीन द्यायची नाही' एवढेच लिहून भागत नाही. सार्वजनिक प्रयोजन खरे आहे का, एवढे क्षेत्र लागते का, शेजारची पडीक जमीन चालली असती का, विहीर वाचवून आखणी सरकवता येईल का, हे मुद्दे लिहावेत. कलम १५ प्रमाणे आपले म्हणणे समक्ष ऐकून घ्यावे लागते.

गैरसमज तिसरा : बागायती जमीन घेताच येत नाही

उसाच्या शेतकऱ्यांत हा समज फार आहे. ओलिताची, दोन-तीन पिकांची जमीन शक्यतो घेऊ नये, दुसरा पर्यायच नसेल तर घ्यावी, असे कलम १० सांगते. पण त्याच कलमात रेल्वे, महामार्ग, मोठे रस्ते, पाटबंधाऱ्यांचे कालवे, वीजवाहिन्या अशा सरळ रेषेत जाणाऱ्या कामांना ही अट लागू नाही असेही म्हटले आहे. शिवाय २०१८ च्या दुरुस्तीने महाराष्ट्र शासनाला काही प्रकारचे प्रकल्प या प्रकरणातून आणि सामाजिक परिणामांच्या अभ्यासातून वगळता येतात. तेव्हा 'आपलं वावर बागायती आहे, काही होत नाही' या भरवशावर राहू नये.

गैरसमज चौथा : मालमत्तेचा हक्कच राहिला नाही, सरकार देईल ते घ्यावे

मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून ४४ व्या घटनादुरुस्तीने निघाला, हे खरे. २० जून १९७९ पासून हा बदल अमलात आला. पण त्याच दुरुस्तीने अनुच्छेद ३००-अ आला. कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही, असे तो सांगतो. जुन्या मंडळींच्या मनात १९६१ च्या सिलिंग कायद्याची आठवण असते. तो कायदा वेगळा. मर्यादेपेक्षा जास्त असलेली जमीन त्यात जात होती. आपण स्वतः कसत असलेली, सिलिंगच्या आतली जमीन बाजारभावापेक्षा कमी मोबदल्यात घेता येणार नाही, हे तर १९६४ पासून घटनेच्या अनुच्छेद ३१-अ मध्येच लिहिलेले आहे.

या बाबतीत एक महत्त्वाचा निकाल आपल्या नागपूरचाच आहे. नागपूर सुधार प्रन्यासाला १९३६ च्या आपल्या कायद्याने जमीन घेताना सर्वसाधारण कायद्यापेक्षा कमी भरपाई देता येत असे. डिसेंबर १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी हा भेद समानतेच्या विरुद्ध ठरवला. जमीन दवाखान्यासाठी घेतली काय आणि सुधार योजनेसाठी घेतली काय, ज्याची जाते त्याचे नुकसान सारखेच, असा त्या निकालाचा रोख आहे. पुढे २०१९ मध्ये राष्ट्रीय महामार्गाच्या प्रकरणांतही न्यायालयाने याच धर्तीवर दिलासा रक्कम व व्याज द्यावे असे ठरवले. १ जानेवारी २०१५ पासून महामार्गाच्या संपादनालाही २०१३ च्या कायद्याप्रमाणे भरपाई लागू आहे.

गैरसमज पाचवा : भरपाई चौपट मिळतेच

'चौपट' हा शब्द सभांतून इतका ऐकू येतो की तो कायद्यातच लिहिला आहे असे वाटते. हिशेब असा आहे. बाजारमूल्य काढताना शासनाच्या मूल्य तक्त्यातील दर आणि परिसरात मागील तीन वर्षांत झालेल्या खरेदीखतांपैकी वरच्या किमतीच्या निम्म्या खतांची सरासरी, यांतील जास्तीचा आकडा धरतात. त्याला ग्रामीण भागात १ ते २ यांमधील गुणकाने गुणतात. हा गुणक राज्य शासन ठरवते आणि तो वेळोवेळी, प्रकल्पाच्या प्रकाराप्रमाणे बदललेला आहे. त्यात विहीर, झाडे, घर, पाइपलाइन यांची किंमत मिळवतात. या सगळ्या बेरजेइतकीच दिलासा रक्कम वर मिळते. शिवाय बाजारमूल्यावर दरसाल १२ टक्के जादा रक्कम असते.

समजण्यापुरते उदाहरण घेऊ. एकराचे बाजारमूल्य ६ लाख, विहीर व झाडे १ लाख. गुणक २ असेल तर १२ अधिक १ असे १३ लाख, तेवढीच दिलासा रक्कम, एकूण २६ लाख. गुणक १ असेल तर ६ अधिक १ असे ७ लाख आणि दिलासा धरून १४ लाख. वर दरसाल ७२ हजार. जमीन तीच, पण गुणकाने बारा लाखांचा फरक पडला. म्हणून आपल्या प्रकल्पाला कोणता गुणक लावला आहे, हे निवाड्याआधीच लेखी विचारून घ्यावे.

येथे एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. मुद्रांक शुल्क वाचावे म्हणून आपण खरेदीखतात किंमत कमी लिहितो आणि उरलेली रक्कम हातात देतो. भूसंपादन आले की तीच खते पुढे येतात आणि 'तुमच्याच गावात हा भाव आहे' असे उत्तर मिळते. एकाने वाचवलेले चार हजार साऱ्या शिवाराला लाखांनी महाग पडतात.

गैरसमज सहावा : पैसे उचलले की विषय संपला, नाही तर पुढे केव्हाही कोर्टात जाता येते

हा गैरसमज दोन्ही बाजूंनी मारतो. प्रस्तुत लेखकाच्या घरचीच हकीकत सांगतो. १९७० नंतरच्या त्या दशकात एका कालव्यात आमचे अडीच एकर वावर गेले. वडिलांनी ठरलेल्या दिवशी जाऊन अंगठा दिला आणि रक्कम घेऊन आले. धुऱ्यापलीकडच्या शेतकऱ्याचे वावर त्याच दिवशी, त्याच भावाने गेले. त्याने मात्र कोणाच्या तरी सांगण्यावरून 'हरकतीसह रक्कम स्वीकारली' असे लिहून सही केली आणि वाढीव मोबदल्याचा अर्ज मुदतीत दिला. काही वर्षांनी न्यायालयाने त्याला वाढवून दिले. ते ऐकून वडील वकिलाकडे गेले. वकील म्हणाले, "बाबा, तुम्ही बिनहरकत उचलले आणि मुदतही गेली." वडील शेवटपर्यंत म्हणत राहिले की सरकारने एकाला एक आणि दुसऱ्याला एक भाव दिला. ते गेल्यावर ट्रंकेत निवाड्याची नोटीस सापडली, नीट घडी करून ठेवलेली. तारीख स्वच्छ होती. त्या तारखेपासून दिवस मोजायचे असतात, एवढे घरात कोणाला ठाऊक नव्हते.

ही तरतूद नव्या कायद्यातही तशीच आहे. रक्कम जरूर उचलावी, घर चालवायचे असते. पण पावतीवर 'हरकतीसह' असे स्वच्छ लिहावे आणि त्याची प्रत ठेवावी. बिनहरकत रक्कम घेतलेल्याला कलम ६४ खाली अर्ज करता येत नाही. अर्जाची मुदत अशी : निवाड्याच्या वेळी आपण किंवा आपला प्रतिनिधी हजर असेल तर निवाड्याच्या तारखेपासून सहा आठवडे. हजर नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांची नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांतील जी मुदत आधी संपेल ती. राष्ट्रीय महामार्गाच्या प्रकरणात रकमेचा वाद लवादाकडे जातो.

ज्यांनी अर्ज केलाच नाही त्यांच्यासाठी कलम ७३ मध्ये एक खिडकी ठेवली आहे. त्याच अधिसूचनेतील दुसऱ्या एखाद्याला प्राधिकरणाने वाढवून दिले तर त्या निकालापासून तीन महिन्यांत आपणही तोच भाव मागू शकतो. धुऱ्यापलीकडच्याला वाढीव मिळाले असे कळले की दुसऱ्याच दिवशी निकालाची तारीख पाहावी. आमच्या वडिलांच्या वेळी ही खिडकी नव्हती.

सरकारला थेट खरेदीने, आपसांत भाव ठरवून, जमीन दिली तर हा मार्ग राहत नाही. तेथे खरेदीखतावर सही झाली की भाव पक्का. वाईट असेल असे नाही, पण सहीच्या आधी हिशेब करावा.

गैरसमज सातवा : पाच वर्षे वापरली नाही तर जमीन आपोआप परत

ताब्यानंतर पाच वर्षे जमीन न वापरता पडून राहिली तर ती मूळ मालकाला किंवा वारसांना, 'किंवा' शासनाच्या जमीन बँकेला परत करावी, असे कलम १०१ आहे. या 'किंवा'मुळे 'आपोआप' होत नाही. पाठपुरावा करावा लागतो. जुन्या कायद्यातील प्रकरणांविषयीही असाच घोळ आहे. सर्वोच्च न्यायालयाने ६ मार्च २०२० च्या निकालात स्पष्ट केले की ताबाही घेतला नाही आणि मोबदलाही दिला नाही, अशा दोन्ही गोष्टी असतील तरच जुने संपादन रद्द समजायचे. दोहोंपैकी एक झाले असेल तर नाही.

सभासदांनी काय करावे?

१. सातबारा आजच पाहावा. मयत वडिलांच्या नावावर जमीन असेल तर वारस नोंद करून घ्यावी. बहिणींची नावे गाळू नयेत. गाळली तर वाद उभा राहतो आणि रक्कम प्राधिकरणात अडकून बसते.

२. विहीर, बोअर, पाइपलाइन, ठिबक, आंब्याची-मोहाची झाडे यांची नोंद संयुक्त मोजणीत झाली की नाही ते स्वतः हजर राहून पाहावे. पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नये. सुटलेली वस्तू नंतर दाखवणे फार अवघड जाते.

३. जमिनीचा तुकडा पडून विहीर एका बाजूला आणि ऊस दुसऱ्या बाजूला राहत असेल, पांदण तुटत असेल, तर उरलेल्या जमिनीच्या या नुकसानीची भरपाई वेगळी मागता येते. ती मागितली नाही तर कोणी आपणहून देत नाही.

४. कारखान्याची ऊस नोंदणी पावती, वजनकाट्याच्या पावत्या आणि बिले जपून ठेवावीत. वावर ओलिताचे आहे आणि एवढे टन ऊस देते, याचा याहून चांगला पुरावा नाही. ई-पीक पाहणीत उसाची नोंद दरवर्षी करावी.

५. प्राथमिक अधिसूचना निघाल्यावर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय त्या जमिनीचा सौदा करता येत नाही. कोणी 'मागच्या तारखेचा कागद करू' म्हटले तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

६. बटाईने किंवा ठेक्याने करणाऱ्यांनीही आपला हक्क लेखी कळवावा. बाधित कुटुंबाच्या व्याख्येत बटाईदार आणि मजूरही येतात.

७. प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले दप्तरात राहत नाही.

८. नोटीस हाती पडली त्या दिवशी तिच्या पाठीवर 'आज मिळाली' असे तारखेसह लिहावे आणि आठवड्याच्या आत जाणत्या वकिलाला दाखवावी.

रस्ते, कालवे होणारच. त्यांचा उपयोग आपल्यालाही आहे. ऊस कारखान्यापर्यंत त्याच रस्त्याने येतो. पण ज्याचे वावर त्यासाठी जाते त्याला कायद्याने जे देऊ केले आहे, ते केवळ न विचारल्यामुळे किंवा तारीख चुकल्यामुळे बुडू नये.

सुरुवातीला ज्यांची गोष्ट सांगितली त्या सभासदांची खुट्यांची कार्यवाही अजून पुढे सरकलेली नाही. वावर त्यांच्याच नावावर आहे, फक्त त्यात ऊस नाही. येत्या सुरू हंगामासाठी त्यांनी परवा नोंद दिली. ज्या सभासदांनी अशाच कारणाने लागवड थांबवली असेल त्यांनी आपल्या गट कार्यालयात येऊन जरूर विचारपूस करावी. येताना सातबारा आणि हाती असलेला प्रत्येक कागद सोबत आणावा, ही विनंती.